आवाजाची रेघ

एकोणीस वर्षांत हिलालच्या हाताखाली आवाज कधी गेला नव्हता. पडद्यावरची बाई गाता गाता मुकी झाली, असं शिंदखेड्याच्या त्या पत्र्याच्या टॉकीजात घडलंच नाही. तिकिटं फाडायला लागलेला गडी मशीनचा ऑपरेटर झाला आणि केबिनीतच रुजला. भाकर तिथंच, डुलकी तिथंच. बायको भागाबाई म्हणायची, "सवत करी ती बी लोखंडनी!"

सत्त्याऐंशीच्या वैशाखात भुसावळहून रिळांची पेटी आली. हिंदी बोलणारा विलायती पिक्चर. एक माणूस अवकाशयानात तीन वर्षं एकटाच. ना गाणं, ना मारामारी. चौथ्या रिळात तो दुरुस्तीसाठी यानाबाहेर निघतो, आणि आवाज गपकन बंद.

पब्लिक उठलं. "ओ हिलालभाऊ, आवाज खाई ग्या का?"

हिलालनं मशीन थांबवून फिल्मवरचा आवाज वाचणारा दिवा बदलला. पुन्हा मुकं. दुसरा घातला. तेच. खाली खुर्च्या आपटायला लागल्या. शो सुटल्यावर पानटपरीवाला वना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिलालना हात ग्या आते."

मालक रूपचंदशेठ केबिनीत आले. "तेवढा तुकडा उद्या काप. आणि परवापासून धुळ्याचा ऑपरेटर येतोय. तू जरा आराम कर."

आराम म्हणजे काय, ते हिलालला कळलं.

सकाळी तो कात्री घेऊन बसला. कापायची जागा शोधायला फिल्म उजेडात धरली. फिल्मच्या कडेला आवाजाची रेघ असते. जुना ऑपरेटर ती नुसती पाहून सांगतो, इथं गाणं, इथं बंदूक. आवाजच नसेल तर रेघ सरळ जाते. ही सरळ नव्हती. बारीक थरथर, मग मोकळी. पुन्हा थरथर, पुन्हा मोकळी.

"हाऊ त श्वास ली ऱ्हायना!" हिलाल एकटाच बोलला.

टॉकीजातले चौदा पंखे खडखडायचे. त्यात पडद्यावरच्या गड्याचा श्वास बुडाला होता. हिलालनं तुकडा शेवटपर्यंत सरकवला. बासष्ट श्वास. सकाळ त्यातच गेली. त्रेसष्टाव्याच्या जागी रेघ एकदम ढोलासारखी फुगलेली, यानाचं इंजिन. कात्री त्यानं फळीवर ठेवली.

"शेठ, आजना दिन कापत नही. एक शो द्या."

"आणि पब्लिकनं खुर्च्या तोडल्या तर?"

"तोडी त मी घर जासू."

तीनच्या शोला चौथं रीळ लागलं तसं दारावरच्या धनसिंगनं, सांगितल्याप्रमाणे, पंखे बंद केले. हिलालनं आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत पिळलं.

"पंखा काबरं बंद कया रे?" कोणीतरी ओरडला, आणि अर्ध्यातच थांबला. पत्र्याखाली कोणीतरी श्वास घेत होतं. ओढून, दमून, सगळ्यांच्या मानेजवळ.

बायकांच्या बाकावरून भागाबाई म्हणाली, "माय वं! आमना धनी बी असाच घोरतस!"

टॉकीज हसलं. मग आपोआप गप्प झालं. पडद्यावर त्या माणसाची यानाला बांधलेली दोरी ताणली होती, आणि घामानं निथळत सारे पुढचा श्वास येतो की नाही ते ऐकत बसले.

हिलालनं पडद्याकडे पाहिलंच नाही. एकसष्ट. बासष्ट. त्यानं बटण झटक्यात मागं फिरवलं. इंजिन गरजलं, पत्रे थरारले, पडद्यामागचा भोंगा मात्र न फुटता शाबूत राहिला.

शेठ जिना चढून आले. सदरा अंगाला चिकटलेला. "धुळ्याला निरोप धाडतो. येऊ नको म्हणावं."

"पह्यले पंखा चालू करा शेठ," हिलाल मशीनवरून हात न काढता म्हणाला, "लोके मरतीन."