दिवा लागला होता

स्वातंत्र्याला दहा-अकरा वर्षं झाली असतील. मी मुंबईत एका खासगी विमान कंपनीत इलेक्ट्रिशियन होतो. घर उरणजवळच्या गावात, वडील मिठागरावर कामाला. आठवड्याच्या सुट्टीला मोरा बंदराच्या लाँचने मी घरी यायचो. विमानाला हात लावलेला गावात मी एकटाच. लोक जरा जास्तच मान द्यायचे आणि मीही तो घ्यायचो.

कंपनीची विमानं लढाईतून उरलेली, जुनी डाकोटा. इंजिनाजवळ आग लागली की वैमानिकासमोर लाल दिवा लागावा, अशी त्यात सोय होती. ते दिवे, त्यांच्या तारा आणि तारांचे जोड सांभाळणं हे माझं काम.

आमच्या कॅप्टनांपैकी एक पुण्याचे होते. हवाई दलातून आलेले, चाळिशीचे, शांत. उड्डाणाआधी ते स्वतः आमच्या शेडमध्ये येत. एकदा मी विचारलं, "साहेब, विमान धावत असताना दिवा लागला तर काय करता?"

"वेग बघायचा," ते म्हणाले. "एक वेग ठरलेला असतो. त्याच्या आत असलो तर थांबायचं, त्याच्या पुढे गेलो तर आग असली तरी उडायचं आणि वरून फिरून परत उतरायचं. विचार करायला वेळ नसतो रे. तो दिवा जे सांगेल ते खरं धरायचं, बस."

त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी विमानाच्या वहीत लिहिलं की उजव्या इंजिनाचा दिवा क्षणभर लुकलुकला. मी इंजिनाचं झाकण काढून तारांचा जोड उघडला. आत ओल होती आणि पितळेवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड चढली होती. ती पूड मी जन्मापासून ओळखत होतो. आमच्या घरचे पितळी हंडे, तांबे, देवातली घंटा, सगळ्यांना तीच खायची. खारी हवा.

फोरमनला मी जोड दाखवला. "बदलायला हवा," म्हटलं.

"नवा जोड नाही. पुसून बंद कर. सकाळी विमान जायचंय."

"ओल परत शिरेल. दिवा खोटा लागेल."

"खोटा लागला तर लागू दे. आग तर नसेल ना? सही कर."

मी फडक्याने जोड पुसला, बंद केला, वहीत 'तपासले, ठीक' असं लिहिलं आणि खाली सही केली. भूक लागली होती, एवढंच आठवतं.

सकाळी मुसळधार पावसात विमान धावायला लागलं आणि मध्येच त्याचा आवाज बदलला. मी शेडच्या दारात होतो. विमान थांबायला बघत होतं, पण ओल्या धावपट्टीवर चाकं घसरत होती. पट्टी संपली, विमान चिखलात गेलं आणि एका बाजूला कलंडलं. माणसं वाचली. एका म्हाताऱ्या बाईंचा हात मोडला. विमान मात्र कामातून गेलं.

चौकशी झाली ती आठ-दहा दिवसांनी. कॅप्टन म्हणाले, लाल दिवा लागला म्हणून मी विमान थांबवलं. तोवर पाऊस उघडला होता, जोड उन्हात वाळला होता. तपासणाऱ्यांनी वीज सोडली. जोड ठीक, दिवा ठीक. इंजिनात आगीची खूण नाही. शेजारी बसलेला नवा वैमानिक म्हणाला, माझी नजर वेगाच्या काट्यावर होती, दिवा मी पाहिला नाही. मग मला बोलावलं. फोरमन माझ्यामागे खुर्चीवर बसला होता.

"आदल्या दिवशी जोडात काही दोष दिसला?"

"नाही," मी म्हणालो.

कॅप्टन माझ्याकडे बघत होते. मी समोरच्या पंख्याकडे बघत राहिलो. निकाल असा लागला की दिवा लागलाच नव्हता, कॅप्टन घाबरले आणि त्यांनी उशिरा ब्रेक लावले. त्यांची नोकरी गेली.

त्याच महिन्यात फोरमनने मला नव्या जोडांचं खोकं दिलं आणि सगळ्या विमानांचे जोड बदलून घेतले. वहीत काही लिहायचं नाही, असं बजावलं. मी लिहिलं नाही.

हे सगळं मी घरी सांगितलं होतं. कुणाला तरी सांगायचं होतं आणि वडिलांना त्यातलं काय कळणार, असं मला वाटलं होतं.

आश्विनात, मी सुट्टीवर असताना, कॅप्टन आमच्या दारात येऊन उभे राहिले. पत्ता विचारत मोऱ्याहून चालत आले होते. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. आईने पाय धुवायला पाणी दिलं, चहा टाकला. वडील मिठागराचे बांध लिंपून नुकतेच आले होते, ते ओटीवर बसले.

"मी भांडायला नाही आलो," कॅप्टन मला म्हणाले. "हल्ली मलाच शंका येते. तो दिवा मी खरंच पाहिला की नाही? झोपेतून उठून बसतो. तू फक्त सांग, जोड खराब होता का?"

मी म्हणालो, "साहेब, मी तपासला होता. ठीक होता."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग कॅप्टनांकडे वळून म्हणाले, "खोटं बोलतंय त्ये. जोड मिठानं खाल्लेला व्हता. यानंच मला सांगितलं. तुमचा दिवा लागला व्हता, साहेब."

कॅप्टनांनी डोळे मिटले. मग ते मला म्हणाले, "एवढं लिहून देशील?"

मी मान खाली घातली. दोन बहिणींची लग्नं, घरावरचं गवत काढून कौलं घालायची, असलं काहीबाही मी पुटपुटलो. कारणं खरी होती. कॅप्टनांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, चहा संपवला, आईला नमस्कार केला. वडील त्यांना लाँचपर्यंत पोचवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी कामावर परतलो. त्यानंतरच्या आठवड्यात वडील कुणाला न सांगता मुंबईला आले. हे मला आमच्या ऑफिसच्या शिपायाकडून कळलं. धोतर नेसलेला, पायाला मिठाने भेगा पडलेला एक म्हातारा आला होता, साहेबांना विमानाच्या दिव्याबद्दल सांगायचंय म्हणत होता. "तुझ्या गावचा म्हणाला. वेडा होता का रे?" शिपायाने हसत विचारलं. दुपारपर्यंत जिन्यात बसवून त्याने त्यांना घालवून दिलं होतं.

"ओळखत नाही," मी म्हणालो.

घरी गेलो तेव्हा वडिलांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. पुढे मी फोरमन झालो. आईने गावात पेढे वाटले. वडिलांनी त्यांचा पेढा खाल्ला आणि बांधावर निघून गेले. माझ्याशी ते बोलायचे. भाताबद्दल, बहिणींच्या स्थळांबद्दल, कौलांबद्दल.

दर दिवाळीला वडिलांच्या नावे एक पोस्टकार्ड यायचं. कॅप्टन कुठल्याशा लांबच्या गावी शाळेत गणित शिकवत होते. वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते मला वाचावं लागे. 'तुमची प्रकृती कशी आहे? मीठ यंदा कसं झालं? वहिनींना नमस्कार.' माझा उल्लेख कधीच नसे. वडील उत्तर सांगायचे आणि मी लिहायचो. सांगून झालं की ते म्हणायचे, "वाच परत." मी काही गाळलं तर नाही ना, एवढंच ते बघत असावेत.

वडील वारले तेव्हा मी कॅप्टनांना कार्ड लिहिलं. सगळ्यात वरती वडील गेल्याची बातमी लिहिली आणि खाली बरीच जागा उरली होती. तिथे काय लिहायला हवं ते मला ठाऊक होतं. मी नुसती सही करून कार्ड पेटीत टाकलं. त्यांचं उत्तर आलं नाही, आणि पुढच्या दिवाळीला कार्डही आलं नाही.