पस्तीस कसले?

नागपूर सोडताना माझ्या पर्समध्ये तिकिटं, यजमान मधुकररावांच्या गोळ्यांचा डबा आणि भाच्यानं दिलेला नवा मोबाईल होता. या तिन्हींत सगळ्यात जास्त भरवसा मला मोबाईलचा होता. पुढं जे झालं त्याची सुरुवात तिथूनच झाली, म्हणून आधीच सांगून टाकते.

खाप्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून जातात ते मतलई वारे. बाण काढून, रंगीत खडूनं. समुद्र मात्र मी कधी पाहिला नव्हता. कन्हान नदीच्या पुराखेरीज मोठं पाणीच माहीत नाही. मुलींना माझी भीती वाटायची ती एकाच गोष्टीसाठी. उत्तरात आकडा लिहिला आणि त्यापुढे एकक लिहिलं नाही, की मी अर्धा गुण कापायची. एकदा एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅडम, काहून कापले? आकडा तर बरोबर आहे न!" मी म्हटलं, "पन्नास म्हणजे पन्नास काय? बकऱ्या?" सगळा वर्ग हसला. मीही हसले.

यंदा मधुकररावांच्या हृदयावर रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर माणूस देवाचं नाव घेतो, मुलाबाळांविषयी विचारतो. हे म्हणाले, "तीस वर्षं समुद्र शिकवून राहिली, एकदा दाखव तरी वं मले." मग ऑक्टोबरात, डॉक्टरांनी मान डोलावल्यावर, आम्ही मडगावच्या गाडीत बसलो.

एक दिवस आणि एक रात्र गाडीत काढून कुडाळला उतरलो. मालवणच्या दक्षिणेला किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात विश्राम तांडेलांच्या (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) घरी दोन खोल्या पाहुण्यांसाठी असतात, तिथं आमचा मुक्काम. विश्राम साठीचे, काळे, कमी बोलणारे. त्यांची बायको सुमती वैनी त्यांच्या वाट्याचंही बोलायची. तिला मी घरचा सावजी मसाला दिला. तिनं वास घेतला, ठसकली आणि म्हणाली, "ह्या खातास तुमी? मगे जिते कसे रवतास?" तिच्या पेडव्याच्या (छोटे चांदीसारखे मासे) तिरफळं घातलेल्या आमटीवर मधुकररावांनी चार वेळा भात घेतला. आमच्या घरी ते दोनदाच घेतात. मी ते लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर उभी राहिले तर वारा माझ्या पाठीवर होता, जमिनीकडून समुद्राकडं जाणारा. मी अक्षरशः ओरडले, "मतलई! अहो, हा मतलई!" डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षं फळ्यावर काढलेला बाण त्या सकाळी मला पहिल्यांदा लागला.

आणि मग मी शेफारले. मोबाईलात वाऱ्याचा अंदाज सांगणारं ॲप होतं. मी विश्रामना म्हटलं, दुपारी चारला पाऊस येईल. आला. म्हटलं, आज वारा आठ किलोमीटर. दिवसभर झावळ्या जेमतेम हलल्या. संध्याकाळी शेजारच्या दोन होड्यांचे लोकही मला विचारायला आले. सुमती वैनीनं माझं नावच ठेवलं, "वाऱ्याची बाई". मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी सकाळी गावातला मोबाईल टॉवर बंद पडला होता. कुणाच्याच फोनवर काही येत नव्हतं. विश्रामनी आदल्या संध्याकाळी समुद्रात जाळी टाकून ठेवली होती, ती ओढून आणायची होती. मधुकररावांनाही बरोबर न्यायचं ठरलं होतं. निघताना विश्राम नैऋत्येला बघत थांबले. तिकडं आभाळाच्या काठाला शाईसारखा एक पट्टा होता.

"बाई, तुमच्या मोबाईलात वारो किती दिसता?"

आदल्या रात्री आलेला अंदाज फोनवर तसाच होता. मी बघितलं आणि ऐटीत सांगितलं, "नऊ वाजता पस्तीस. काही नाही, आमच्याकडं मे महिन्यातली वावटळ याच्याहून मोठी असते."

"पस्तीस किलोमीटर?"

"हो."

"पस्तीस म्हणजे चलात. पंचेचाळीसच्या वर गेलो तर आमी जावचव नाय." त्यांनी पुन्हा एकदा त्या पट्ट्याकडं पाहिलं आणि होडी ढकलली. मधुकरराव लाल लाइफ जॅकेट घालून नवरदेवासारखे बसले होते. मला बोट लागते म्हणून मी किनाऱ्यावरच राहिले. "कन्हानमधी पोहलो मी, तू काहून घाबरून राहिली?" असं ओरडून ते गेले. गोळ्यांचा डबा माझ्या पर्समध्येच राहिला.

साडेआठला मी ओट्यावर घावण (तांदळाचं धिरडं) खात होते. वारा एकदम थांबला. कावळे गप्प झाले. मग माडांच्या सगळ्या झावळ्या एकाच बाजूला वळल्या आणि तशाच राहिल्या. वाळू उडून माझ्या ताटात पडली. समुद्राचा हिरवा रंग जाऊन राखाडी झाला आणि लाटांच्या डोक्यावर पांढरं दिसायला लागलं. देवळावरच्या कर्ण्यातून कुणीतरी होड्यांना परत यायला सांगत होतं, पण होड्या ऐकू येण्याच्या फार पलीकडं होत्या.

सुमती वैनी दारात आली. "बाई, तुमी पस्तीस म्हणालात ना? ह्यो पस्तीस न्हय."

मी फोन काढला. तोच आकडा, पस्तीस. पण आज पहिल्यांदाच त्याच्या पुढची दोन बारीक अक्षरं मला दिसली. के आणि टी. नॉट. तासाला एक सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे एक पूर्णांक आठशे बावन्न सहस्रांश किलोमीटर. हे मी किती वर्षं फळ्यावर लिहिलं होतं! गुणाकार तोंडी झाला. पासष्ट.

मी खाली बसले आणि सांगून टाकलं, "वैनी, पासष्ट आहे. मी एकक बघितलंच नाही. माझ्यामुळं गेले ते."

तिला एकक म्हणजे काय ते कळलं नसेल, पण बाकीचं सगळं कळलं. ती आत गेली, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागं, दोन हात अंतर ठेवून. जवळ जायची माझी हिंमत नव्हती.

दहापर्यंत तीन होड्या आल्या. प्रत्येक लाटेवर चढताना होडीचा तळ दिसायचा, मग ती नाहीशी व्हायची, आणि परत दिसेपर्यंत मी श्वास घेत नसे. शेवटच्या होडीतला माणूस पाण्यात उतरता उतरता ओरडला, "विश्राम जाळी ओढी होतो! आमी बोलावला, तेका आयकाक गेला नाय!" त्यानंतर समुद्रावर काहीच दिसेना. पाऊस आडवा लागत होता. मी पर्समधला गोळ्यांचा डबा मुठीत घट्ट धरला होता आणि मला एकच गोष्ट दिसत होती, ताटावर चार वेळा भात घेणारा माणूस. मनात म्हटलं, पाच वेळा घे, दहा वेळा घे, मी मोजणार नाही.

साडेअकराच्या सुमाराला एक मोटारसायकलवाला भिजत आला. उत्तरेकडच्या खाडीत विश्रामची होडी लागली होती. माणसं? "दोगय आसत."

रिक्षा निम्म्या वाटेपर्यंत गेली. पुढं रस्त्यावर झाड पडलं होतं, तिथून आम्ही दोघी चालत, खरं म्हणजे पळत गेलो. एका बंद टपरीच्या छपराखाली मधुकरराव कुणाच्यातरी घोंगडीत बसले होते, ओठ निळे, हातात चहाचा ग्लास. मला बघून म्हणाले, "मॅडम, हा मतलई नव्हता वं." मी त्यांना गोळी दिली आणि मग लहान पोरीसारखी रडले.

विश्राम बाजूला उकिडवे बसले होते. हातात सुरी होती. जाळी पाण्यानं आणि माशांनी भरलेली, होडी वळेना, तेव्हा त्यांनी दोर कापून सगळी जाळी समुद्रात सोडून दिली होती. म्हणून दोघं परत आले.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तांडेल, पस्तीस किलोमीटर नव्हते, पस्तीस नॉट होते. तुमची जाळी माझ्यामुळं गेली."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "आकडो तुमचो चुकलो. ढग तर मियाच बघललंय."

त्यांनी माफ केलं, पण सुमती वैनीनं केलं नाही. त्या दिवशी तिनं आम्हाला वाढलं आणि माझ्याकडं न बघता भांडी घेऊन गेली. मला ते बरोबरच वाटलं.

दोन दिवसांनी अर्धी जाळी दुसऱ्या एका होडीला सापडली, शेवाळ, काटक्या आणि प्लास्टिकनं गुंतलेली. आम्ही परतीचं रिझर्व्हेशन रद्द केलं. पाच दिवस आम्ही चौघं ओट्यावर बसून जाळं सोडवत होतो. दोऱ्यानं माझी बोटं कापली. मधुकरराव तिसऱ्या दिवशी गाठी बांधायला शिकले आणि मला शिकवायला लागले, "असं नाही वं मॅडम, उलटं घे." त्यांनी अर्धा गुण कापला असता तरी मी हूं की चूं केलं नसतं. चौथ्या दिवशी वैनीनं माझ्या बोटांना खोबरेल लावलं.

निघायच्या सकाळी ती खडू घेऊन आली. स्वयंपाकघराच्या काळपट दाराकडं बोट दाखवून म्हणाली, "बाई, ता थंय लिवन ठेवा." मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: १ नॉट = १.८५ किलोमीटर. खालून दोनदा रेघ मारली. तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं.

नागपूरला उतरलो तेव्हा हवेत पानसुद्धा हलत नव्हतं. शेजारच्या काकांनी फाटकातच मधुकररावांना गाठलं, "काय गा, समुद्रावर हवा कशी होती?" मधुकररावांनी माझ्याकडं बघून हात जोडले, "मॅडमलेच विचारा."

आता सकाळी सहाला फोन वाजतो. तिकडचा टॉवर कधीचाच सुरू झालाय, विश्रामच्या फोनवर सगळे इशारे येतात. माझी काहीच गरज नाही. तरी सुमती वैनीचा आवाज येतो, "बाई, आज किती?"

"बारा," मी म्हणते.

पलीकडं भांड्यांचा आवाज येतो, माडाच्या झावळ्या सळसळताना ऐकू येतात. ती फोन ठेवत नाही, वाट बघत राहते.

"बारा नॉट," मी म्हणते. "बावीस किलोमीटर."

"हां," ती म्हणते, "आता जाऊ दे तेंका."