होमप्लेटवर टेकवलेली बॅट

"विच फूट, बाबा?" मुलीनं विचारलं.

इथे परदेशात, बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये रविवारचं जेवण चाललं होतं आणि मी माझी जगप्रसिद्ध गोष्ट सांगत होतो. जगप्रसिद्ध म्हणजे आमच्या घरात. बायकोला ती इतकी पाठ आहे की मी घास गिळायला थांबलो तर पुढचं वाक्य तीच टाकून देते. पण या वेळी मुलीनं मुद्दाम सांगायला लावली होती. ती आता माझ्याच विद्यापीठात शिकते, माझ्याच बेसबॉल क्लबात खेळते, आणि येत्या शनिवारी मैदानावर जुन्या-नव्या खेळाडूंसमोर क्लबचा इतिहास तिला सांगायचा होता. सुरुवात आमच्या पहिल्या विजयानं. म्हणजे माझ्या रननं.

"कुठला पाय म्हणजे?" मी म्हटलं.

"होमप्लेटला कुठला पाय लागला? लेफ्ट ऑर राइट?"

"पाय कसला? बॅट टेकवली ना मी! चांगली लांब हात करून टेकवली."

ती हळूच, इथल्या बोलीतला 'लाह' शेवटी लावून म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट अ रन, लाह."

मला आधी हसूच आलं. मग तिनं समजावलं. बेसबॉलमध्ये बॉल मारला की बॅट टाकून द्यायची आणि पळायचं, तीन बेस फिरून परत होमप्लेटला, म्हणजे जिथून मारलं तिथेच, यायचं. होमप्लेटला स्वतःचं अंग लागलं पाहिजे, पाय नाहीतर हात. बॅट टेकवण्याला काही अर्थ नाही. होमप्लेटमागे असतो त्या कॅचरनं बॉल हातात घेऊन मला नुसता स्पर्श केला असता तरी मी आउट होतो.

असं काही ऐकलं की मी ओरडतो, तसा ओरडलो. "कालची पोरं तुम्ही, मला शिकवता? अंपायरनं सेफ दिला होता! सगळी टीम नाचली होती!" बायको म्हणाली, "अहो, भाजी गार होतेय." पण तीसुद्धा माझ्याकडे बघत नव्हती.

एवढं चिडण्यासारखं काय होतं, ते सांगतो. क्लब सुरू झाला तेव्हा मी विद्यापीठाजवळ क्लेमेंटीत खोली घेऊन राहणारा विद्यार्थी होतो. आमचा कॅप्टन तैवानचा, इंजिनिअरिंगचा. त्याला खेळाडू मिळेनात. एक्सचेंजवर आलेली मुलं सेमिस्टर संपलं की आपापल्या देशी निघून जायची. मी कधीतरी क्रिकेट खेळलोय एवढं ऐकून त्यानं मला कॅन्टीनमधून उचलला. नऊ माणसं भरत नाहीत म्हणून आम्ही सामने सोडून दिले होते, आणि लीगवाल्यांनी बजावलं होतं की पुन्हा सोडलात तर नाव काढून टाकू. म्हणजे क्लब खलासच.

आणि नेमका त्या सामन्याच्या दिवशी सकाळी पुण्याहून भावाचा फोन आला. बाबा गेले. झोपेतच. मला विमान मिळत होतं ते संध्याकाळचं. खोलीत एकटा बसलो असतो तर वेड लागलं असतं. मी कॅप्टनला तेवढं सांगितलं, कुणाला बोलू नकोस म्हटलं, आणि खेळायला उभा राहिलो. शेवटच्या डावात, बरोबरीवर, मी तो बॉल पार कुंपणाकडे मारला आणि सगळे बेस फिरून होमप्लेटला आलो. जिंकलो. क्लब राहिला.

बाप गेलेला असताना पोरगा मैदानावर पळत होता, हे मी आईलाही कधी सांगितलं नाही. स्वतःला एवढंच सांगत आलो की बरं झालं खेळलो, बाबांच्या नावानं काहीतरी जिंकून दिलं. त्या दिवसाचं एवढंच माझ्या हाती होतं. तो माझा पहिलाच सामना, आणि त्यानंतर मी बेसबॉल पुन्हा खेळलो नाही की पाहिला नाही, त्यामुळे नियम कळायचा प्रश्नच नव्हता. आणि आता माझीच मुलगी म्हणत होती की ते जिंकणं झालंच नव्हतं.

आठवडाभर मी घरात धुमसत होतो. ऑफिसात मीटिंग चालू असताना टेबलाखाली पाय हलवून बघत होतो, लागला असेल का? मुलगी एकदा तिच्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, हवं तर मी ती मॅच सोडून देते. दुसरीकडून सुरू करते." त्यावर मी आणखी भडकलो. सोडून कशाला द्यायची? खोटं आहे का ते?

तिनं मग तिच्या डोक्यानं एक उद्योग केला. त्या सामन्यात समोर एका जपानी कंपनीच्या नोकरदारांची टीम होती. त्यांचा कॅचर पुढे इथेच स्थायिक झाला होता, आणि आता शाळेतल्या मुलांना बेसबॉल शिकवतो, हे तिला ठाऊक होतं. त्याला तिनं शनिवारचं आमंत्रण दिलं. मी म्हटलं, "उत्तम! तोंडावरच विचारतो."

शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला तंबू ठोकला होता. कोपी, म्हणजे इथली कॉफी होती, नारळाचा गोड काया जाम लावलेला टोस्ट होता, आणि टोप्या घातलेली पोरं इकडून तिकडे बॉल फेकत होती. कॅचर आला. केस पांढरे झालेले, गुडघे धरून चालत होता. मला बघून त्यानं वाकून नमस्कार केला. मी नमस्कार केला न केला आणि सरळ विचारलं, "त्या दिवशी मी आलो तेव्हा बॉल तुमच्याकडे होता का?"

त्यानं एकदा माझ्या मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "प्लीज, खरं सांगा."

"होता," तो म्हणाला. "तुम्ही तिसऱ्या बेसच्या जरा पुढे होता, तेव्हापासून होता."

कुणी मुस्काटात मारावी तसा मी उभा राहिलो. "मग?" मी म्हटलं. "मग लावला का नाहीत? दया आली? मी मागितली होती दया?" आजूबाजूची पोरं बघायला लागली. बायकोनं माझी बाही धरली. मी ती सोडवून घेतली.

तो शांतपणे म्हणाला, "हिट खरा होता. तो आम्ही दिला नाही. फार सुंदर हिट होता. पण तुम्ही रडत पळत होता. मोठ्यानं. तुम्हाला ते कळत नव्हतं असं मला वाटलं. बॅट टेकवलीत आणि तसेच वाकून राहिलात. माझा हात उठला नाही. अंपायरनं माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली, त्यानं सेफ दिला."

मी रडत होतो? छे! मी त्या दिवशी रडलो नव्हतो. विमानात रडलो नाही, घरी रडलो नाही, नातेवाईक आपसात कुजबुजले होते की परदेशात राहून पोरगा दगड झालाय. मला तर पळताना घाम डोळ्यांत गेल्याचं आठवत होतं.

"बाबा गेल्याचं तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. "मी कॅप्टनला कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं."

"त्यानं सगळ्यांना सांगितलं. तुमच्या टीमला, आमच्या टीमला, अंपायरला. सामन्याआधी. म्हणून तर आपण सगळे उभे राहिलो."

"कुठे उभे राहिलो?"

तो चकित होऊन माझ्याकडे बघायला लागला. मग त्यानं मैदानाच्या मध्याकडे बोट दाखवलं. "तिथे. दोन रांगा करून. समोरासमोर. टोप्या काढून."

आणि मला आठवलं. अरे देवा, आठवलं! उन्हात दोन रांगा होत्या, सगळ्यांनी टोप्या काढून माना खाली घातल्या होत्या, बराच वेळ. मला वाटलं ही जपानी लोकांची रीत असेल, खेळाआधी असं वाकत असतील. म्हणून मीही टोपी काढली होती.

"ते रोज करता ना तुम्ही?" मी विचारलं. "सामन्याआधी?"

"सामन्याआधी वाकतो. एकदा, पटकन. त्या दिवशीचं तुमच्या वडिलांसाठी होतं." तो म्हणाला. "आमच्या माना वर झाल्या तरी तुम्ही तसेच उभे होता. मग आम्ही पुन्हा खाली घातल्या. तुमचं होईपर्यंत."

मला संपलेलं कळलंच नव्हतं. मी जमिनीकडे बघत होतो.

मी पुण्याला पोचलो तेव्हा भावानं अग्नी देऊन सगळं आटोपलं होतं. बाबांच्या शेवटाला मी नव्हतो, हेच मी इतकी वर्षं म्हणत आलो, आणि आई जाईपर्यंत तीही तेच म्हणत होती. आणि इथे हा परका माणूस मला बोट दाखवून सांगत होता की मी कुठे उभा होतो.

तिकडे माइक सुरू झाला. मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले होते. तिनं मराठीत विचारलं, सहसा विचारत नाही ती. "बाबा, मी काय सांगू?"

"सांग की तो रन नव्हता," मी म्हटलं. "मॅच बरोबरीत सुटली. आणि आजोबांचं नाव सांग. मोठ्यानं सांग, त्या दिवशी त्यांना कुणालाच ते माहीत नव्हतं."