आत्याने शिवलेलं टेनिस कोर्ट

आमच्या घरात टेनिसची रॅकेट कुणी कधी हातात धरली नाही, पण बंद हॉलमध्ये भरणाऱ्या त्या मोठ्या टेनिस स्पर्धेचा इतिहास मात्र आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. कारण ते कोर्ट आमच्या आत्याने शिवलेलं. हो, शिवलेलंच! कोर्ट म्हणजे काय पोलकं आहे का शिवायला, असं भलेभले विचारत. आत्या त्यांच्याकडे नुसती बघायची आणि ते गुपचूप विषय बदलायचे.

तर इतिहास असा. स्पर्धा सुरू झाली कापसाच्या गोदामात. थंडीत बाहेर खेळाडूंची बोटं आखडायची, म्हणून सगळे आत शिरले. लाकडी फळ्यांवरून चेंडू इतका सुसाट सुटायचा की खेळाडूंपेक्षा प्रेक्षकच जास्त जायबंदी व्हायचे. पुढे मोठा हॉल मिळाला, हिरवा गालिचा आला, पण हॉलचा मालक जमिनीला गोंद लावू देईना. टेनिस संपलं की तिथे कुस्त्या, कुस्त्या संपल्या की कुत्र्यांचं प्रदर्शन! मग गालिच्याचे पट्टे शेजारी शेजारी अंथरून शिवायचे ठरले आणि तंबूच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या आत्याला बोलावणं आलं.

शिवून झालं की संपलं नाही. शिवण उसवली तर, म्हणून सामने चालू असताना आत्या प्रेक्षकांच्या बाकांखालच्या खोपटात सुईदोरा घेऊन बसायची. तिथून दिसायचे फक्त लोकांचे बूट. ती डोळे घट्ट मिटून कान लावायची. चांगली शिवण पायाखाली गप्प बसते, सैल झालेली फसफसते, असं ती म्हणे. किती विजेते आले नि गेले, तिने एकही फटका पाहिला नाही.

पाहायचे ते आतोबा. ते दारावर तिकिटं फाडायचे आणि रात्री जेवताना तिखटमीठ लावून सामना सांगायचे. त्यांच्या सामन्यात प्रत्येक चेंडू रेघेवर पडायचा आणि हरलेला प्रत्येक जण ढसाढसा रडायचा.

आत्या चिडायची. "एकदा तरी या डोळ्यांनी बघेन. मग तुमच्या थापा एकेक करून बाहेर काढते."

आणि एके वर्षी कळलं की पुढच्या खेपेपासून रंगवलेलं पक्कं कोर्ट येणार. गालिचा नाही, शिवण नाही, आत्या नाही. म्हणजे बघायचं तर आत्ताच! संयोजकांनी अंतिम सामन्याला तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. आतोबांनी घोट्यापर्यंत लांब लाल कोट आणला. मी सोबतीला होते. कोट घालून आत्या अशी काही निघाली की तीच फायनल खेळणार!

खुर्चीत बसल्यावर मात्र तिची मान दुखायला आली, कारण ती चेंडू सोडून शिवणीच बघत होती. मी म्हटलं, "आत्या, वर बघ की!" तर म्हणाली, "थांब गं, ती मागच्या रेघेजवळची शिवण आहे ना, ती बया मला आवडत नाहीये."

बयेने ऐकलं. सामना अगदी शेवटच्या गुणावर आला आणि दोघांतल्या उंच खेळाडूचा बूट त्याच शिवणीत अडकला. टाका तुटला. पंचांनी खेळ थांबवला आणि आत्या पर्समधली सुई काढून सरळ कोर्टावर! गुडघे टेकून भराभरा शिवायला लागली, पण डोळे होते त्या दोन खेळाडूंवर. इतक्या जवळून तिने त्यांना पाहिलंच कधी होतं? गाठ मारली, दोरा तोडला, उठायला गेली आणि धपकन खाली बसली. बाईसाहेबांनी कोटाची कडच कोर्टाला शिवून टाकली होती!

सगळा हॉल खो खो हसत सुटला. पंच वरून म्हणाले, "बाई, खेळ सुरू करायचाय."

"मग करा की! मी कुठे पळून चाललेय?"

आतोबा कात्री घेऊन दारावरून धावत आले आणि शिवण कापायला वाकले. आत्या कडाडली, "खबरदार! टाका सुंदर बसलाय. कोट कापा."

"अगं, नवा आहे!"

"कापा म्हणते ना!"

त्यांनी रडव्या तोंडाने कोट कापला. ती लाल चिंधी शिवणीत तशीच राहिली. टाका टिकतो का बघायला पंचांनी आत्या-आतोबांना रेघेबाहेरच उभं केलं. आत्या कोर्टाच्या इतकी जवळ, आणि शेवटचा गुण! मला तर आनंदाने नाचावंसं वाटत होतं. सर्व्हिस झाली, चेंडू इकडून तिकडे चार-पाच वेळा गेला आणि हॉल दणाणला. उंच्या जिंकला होता.

घरी गेल्यावर आत्याने जेवतानाच सुरुवात केली. "चेंडू बरोब्बर रेघेवर पडला. आणि तो दुसरा, काय रडला गं!"

आतोबा खुदकन हसले. "तू कुठे पाहिलंस? डोळे मिटून कान लावून उभी होतीस की!"

आत्याचा चेहरा उतरला. खरंच होतं ते. इतक्या वर्षांची सवय ऐन वेळी आड आली होती. हातातला घास तसाच राहिला. मला इतकं वाईट वाटलं की आतोबांचा रागच आला.

मग तिने हळूच मान वर केली.

"पण काय हो, तुमचं लक्ष तर सामन्याकडे होतं ना? मग माझे डोळे मिटलेले तुम्हाला कसे दिसले?"

आतोबा कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "आमटी वाढ."