नेड्रा आणि जुनिपरची शेपटी

नेड्रा किटल्सन घोड्यांना घाबरते, हे आमच्या चर्चमध्ये सांगूनही कुणाला पटत नाही. नवरा ओरिन जन्मभर खोगिरावर बसलेला, आणि ही बाई दाण्याची बादलीसुद्धा काठीने पुढे ढकलते. लहानपणी एका खेचराने लाथ झाडली, तिचा खड्डा अजून मांडीत आहे. "तोंड गरीब असतं गं त्यांचं," ती म्हणते, "पण मागचे पाय तोंडाचं ऐकत नाहीत." तरी दर सप्टेंबरला ती ओरिनबरोबर जंगलात मुक्कामाला जाते. का, तर "त्याला कॉफी कोण देणार, अस्वल?"

यंदा मीही गेले होते. मातीचा रस्ता जिथं संपतो आणि खिंडीची पायवाट सुरू होते, तिथं आमचा तंबू. नळ नाही, संडास नाही, फोन लागत नाही. दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर दोर ताणून त्याला घोडे बांधायचे, आणि शिधा अस्वलाच्या हाती लागू नये म्हणून उंच फांदीला टांगायचा. वाटेवर झाडं पडलीत का ते बघायला ओरिन सकाळीच जुनिपर घोडीवर वर गेला होता. "जेवायला येतो," म्हणाला. आला नाही. घेवडा चुलीवर आटून करपला आणि डोंगरावरून धुकं उतरू लागलं.

दोराला बांधलेल्या, डच नावाच्या दुसऱ्या घोड्यानं एकाएकी मान वर केली. कान वाटेकडे. मला वाटलं, आला ओरिन. धुक्यातून जुनिपर आली. खोगीर रिकामं.

"गेला गं!" माझ्या तोंडून निघालं.

"गप्प बस. लगाम बघ आधी."

माणूस पडला तर लगाम खाली लोंबतो, घोड्याच्या पायाखाली येऊन तुटतो. इथं तर गाठ मारून खोगिराच्या मुठीला अडकवलेला. "त्यानं स्वतः सोडलीय तिला," नेड्रा म्हणाली. "जिवंत आहे." मग तिची नजर खोगिरामागे गेली आणि चेहराच उतरला. तिथं ओरिनचा जाड कोट गुंडाळून बांधलेला होता. काड्यापेटी त्याच कोटाच्या खिशात. सकाळी ऊन होतं म्हणून बांधला असणार. इथं रात्री बादलीतलं पाणी गोठतं. मदत आणायला गाडीनं गेलो असतो तर परतेपर्यंत उजाडलं असतं.

"मूर्ख म्हातारा," ती पुटपुटली. "अंगावर ठेव, अंगावर ठेव, घसा कोरडा केला मी."

"मग बस ना घोडीवर, कोट घेऊन जा."

"मला वर कोण चढवणार? तुझा दुखरा गुडघा?"

धुक्यात वाट दिसत नव्हती. घोडीला मात्र ती ठाऊक होती. उभ्या चढावर म्हातारी मंडळी घोड्याची शेपटी धरून चालतात. नेड्रानं ते लांबूनच पाहिलेलं. ती जुनिपरच्या मागे गेली. हात पुढे केला, मागे घेतला. "जुनिपर बाई," ती म्हणाली, "लाथ मारायचीच असेल तर परत आल्यावर मार." आणि दोन्ही मुठींत शेपटी धरली. डचला सोडून घोडी हलेना, तेव्हा मी लगाम धरून तिला चढापर्यंत नेलं. पुढे धुक्यानं दोघींना गिळलं.

आवाजाच्या मागानं त्यांना परत येता यावं म्हणून मी तवा बडवत राहिले. डच किंचाळत होता. मग तो गप्प झाला, आणि त्याचे कान वाटेकडून ओढ्याकडे वळले. ओढ्याकाठी काहीतरी जड चालत होतं. फांदी मोडली. पुन्हा मोडली. मला प्रार्थनेचे शब्द आठवेनात, तव्याच्या प्रत्येक ठोक्याला नुसतं "प्रभू, प्रभू." हात थांबवायची छातीच होईना. ते चालणं कधी लांब गेलं कळलंच नाही. अंधारून आलं.

डच खिंकाळला, आणि वरून उत्तर आलं. मागोमाग नेड्राचा आवाज: "...आणि काड्यापेटी कोटात! कोट खोगिरावर! शाबास!"

ओरिन घोडीवर, कोट घातलेला, एक बूट नाही, घोटा भोपळ्यासारखा. उतरून चालताना दगड सरकून पाय अडकला, बूट तिथंच सोडून त्यानं तो ओढून काढला होता. "चढता येईना म्हणून तिला पाठवली," तो कण्हत म्हणाला. "माझ्या हाकेपेक्षा लांब गेली असती ती." पडलेल्या ओंडक्यावर उभं करून नेड्रानंच त्याला घोडीवर ढकललं होतं.

मी त्याला उतरवलं, शेकोटीशी बसवलं. नेड्रा मात्र घोडीमागेच उभी.

"सोड आता," ओरिन म्हणाला. "तिला दाणा खाऊ दे."

"सोडलं की मारेल," नेड्रा कुजबुजली. "मीच सांगितलंय तिला."

तिची बोटं मी एकेक करून उलगडली. ती थंडगार, ताठ झाली होती, केस तळव्यात रुतलेले. मग तिला खांद्याला धरून बाजूला ओढलं. जुनिपर जागची हलली नाही.

सकाळी दाण्याची बादली नेड्रानं काठीनेच पुढे ढकलली.