तळघरातले दाजी मेस्त्री

नव्या भिंतीला हात लावण्याआधी दाजी मेस्त्री चपला दाराबाहेर काढत. मग उजवा तळहात भिंतीवर सपाट टेकवून डोळे मिटत, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसे. माझ्या तळघरात पहिल्या दिवशी त्यांनी हे केलं तेव्हा मी घड्याळ बघत होतो. "यल्ला मेस्त्री, चला लवकर, भिंत आहे ती, पेशंट नाही," मी म्हणालो. डोळे न उघडता ते बोलले, "शेठ, भिंत खोटा बोलणा नाय. फक्त तिका सांगूक येळ लागता."

दुबईत तळघर असलेली घरं थोडी. माझ्या व्हिलाचं तळघर नुसतं उघडं काँक्रीट होतं आणि तेवढ्याच कारणावर मी मालकाला किमतीत खाली आणलं होतं. शारजात एका खोलीत आठ जणांत वर्षानुवर्षं झोपून, पुढे तिथेच हार्डवेअरचं दुकान उभं केलेला माणूस मी. तळघर पूर्ण करायला कंत्राटदारानं नव्वद हजार दिरहॅम सांगितले, म्हणजे एकवीस लाख रुपये. त्याला मी चहाही न पाजता घालवला. माल माझ्या दुकानातला, मजूर मी आणि कारागीर दाजी. सावंतवाडीकडचे. तीस वर्षं रुवैसला तेल कारखान्यांच्या बांधकामावर काढून आता ते माझ्या दुकानामागच्या लेबर खोलीत राहून सुटी कामं करत.

दुकान बंद करून मी सिमेंट कालवायचो, जिप्समचे बोर्ड डोक्यावर तोलून धरायचो. तळहातांना फोड आले, पाठ धरली. तरीही प्रत्येक गोणीवरून, प्रत्येक स्क्रूवरून मी वाद घालायचो. दाजी हसायचे. "तुमी सोताच्या घराशीय घासाघीस करतास, शेठ."

बोर्ड ठोकण्याआधी त्यांनी भिंतीवर आणि जमिनीवर प्लास्टिकचे चौकोनी तुकडे चारही बाजूंनी टेप मारून चिकटवले. आठ दिवस कोणी हात लावायचा नाही. आतून दव धरलं तर काँक्रीटमध्ये ओल आहे. मग आधी वॉटरप्रूफिंग, त्यानंतर बाकी सगळं. वास्तुशांतीचा मुहूर्त पाच आठवड्यांवर होता. त्या जुन्या खोलीतल्या सातही जणांना मी आमंत्रणं दिली होती. वॉटरप्रूफिंगलाच महिना गेला असता, खर्च वेगळा.

सातव्या दिवशी दुपारी मी एकटाच खाली गेलो. भिंतीवरच्या प्लास्टिकच्या आत थेंब होते. मी टेप सोडवली, रुमालानं थेंब पुसले, भिंत हेअर ड्रायरनं वाळवली आणि नवी टेप मारली.

दुसऱ्या दिवशी दाजींनी प्लास्टिक काढलं. कोरडं. भिंतीवर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे वळले.

"हय कोणी हात लावूक नाय मां?"

"कोण लावणार? कुलूप होतं."

ते आणखी काही विचारतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी विचारलं नाही. बोर्ड उचलला.

वास्तुशांत थाटात झाली. मित्र म्हणाले, हॉटेल आहे की घर. इस्त्रीचा शर्ट घालून दाजी जिन्यापाशी उभे होते.

चार महिन्यांत बोर्ड फुगले, तपकिरी डाग छातीपर्यंत चढला. मी दाजींना बोलावलं. माझी बायको सुमन जिन्यात उभी होती आणि दोष कोणाचा तरी असायलाच हवा होता. मी आवाज चढवला: तीस वर्षांचा अनुभव म्हणे, माझ्या घराची वाट लावलीत. दाजींनी डागावर हात ठेवला, काढला आणि शर्टाला पुसला.

"माझा चुकला, शेठ. माका कळूक होया होता."

सगळं काढून फुकट परत करून देतो म्हणाले. मी म्हटलं, खलास, आता माझ्या भिंतीला हात लावू नका.

त्यानंतर त्यांनी भिंतीची कामं घेणं सोडलं. काही दिवस नुसता रंग मारला, मग गावी निघून गेले. गेल्या महिन्यात इकडेच नोकरीला असलेला त्यांचा पुतण्या पाइप घ्यायला दुकानात आला तेव्हा कळलं, दाजी वारले. स्वतःच्या पडवीची भिंत बांधायला त्यांनी शेजारच्या गावातून गवंडी बोलावला होता, पुतण्या सांगत होता. तीस वर्षांचा मेस्त्री, पण म्हणायचे, माका आता ओल कळणा नाय. मी त्याला चहा दिला. सांगायचं ते ओठांपर्यंत आलं. मग मी विचारलं, पाइप किती हवेत?

डाग तसाच आहे. दुरुस्तीला मी कोणाला येऊ देत नाही. एसी बंद केला की भिंतीपाशी कोणी उभं असल्यासारखं वाटतं. सुमन खाली येत नाही.

पण माझा राग दाजींवरच आहे. अख्ख्या शारजाच्या बाजारात माझ्या पहिल्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. मी दहा म्हटलं की लोक चारपासून सुरुवात करतात. या एकाच माणसानं का ठेवला? 'शेठ, खरा सांगा' एवढंच एकदा म्हणायचं होतं. मी कबूल झालो असतो. निदान रोज खाली डागापाशी जाऊन त्यांना तसं सांगतो तरी.