जांभळांच्या गळक्या करंड्या

करंडीवरचं फडकं उचललं आणि गरम वाफ तोंडावर आली. खालून जांभळा रस फलाटावर ठिबकत होता. लढाईचे दिवस होते. लोणावळ्याच्या पार्सल ऑफिसात मी तेव्हा क्लार्क होतो.

"हा माल मुंबईला जायचा नाही," मी म्हणालो.

करंड्या घेऊन आली होती आंदर मावळातली धोंडाबाई. बरोबर तिचा थोरला दीर, महादूआबा. तो मान खाली घालून म्हणाला, "मी म्हनलंच हुतं, वढ्यात टाकू म्हनून. सुतकात कुनी बाजार धरतं का? पर ही ऐकंना."

"सुतक कुणाचं?"

"माज्या भावाचं. हिच्या मालकाचं. जांभळीवरनं पडला."

जांभळीचं लाकूड ठिसूळ. फांदी जाडजूड दिसते, पण वाकत नाही, एकदम मोडते. करंड्या भरत आल्या होत्या तेव्हा तो पडला. मग माणसं त्याच्याकडे धावली, आणि माल फडकी बांधून गोठ्यात तसाच राहिला.

"त्येंच्या हातची तोडनी हाय," धोंडाबाई म्हणाली. "कुजू द्यायची न्हाई. तुमी काय बी करा, भाऊसाहेब."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला नियम सांगणं सोपं गेलं असतं.

नियम साधा होता. रेल्वेत पार्सलच्या नगाला 'डाग' म्हणतात. गळका डाग घ्यायचा नाही, कारण तो शेजारचे डाग नासवतो. त्या दिवशी पार्सलच्या डब्यात लष्कराची खोकी जायची होती. स्टेशनमास्तर बाहेर आले.

"काय अडलंय?"

"जांभळं आहेत, साहेब. गळतायत."

"परत पाठवा. खोक्यांवर रस सांडला तर जाब मला विचारतील."

"मी पुन्हा भरून देतो. गळायची थांबली तर घेऊ?"

त्यांनी धोंडाबाईकडे पाहिलं. "गाडी लागेपर्यंत काय करायचं ते करा," म्हणाले आणि आत गेले.

आम्ही शेडच्या सावलीत करंड्या ओतल्या. फळ तोडलं तरी ते मरत नाही. श्वास घेत राहतं, आणि त्यातून ऊब सुटते. वरून फडकं घट्ट बांधलं की ती ऊब आतच कोंडते, फळाला घाम येतो आणि त्या ओलीत ते नासतं. जांभळाची साल तर कागदाहून पातळ. करंडी काठोकाठ भरली की वरच्या फळांच्या ओझ्यानं खालची फुटतात. गोठ्यात दोन्ही झालं होतं.

फुटलेली सगळी बाजूला काढली. उरलेली कोरड्या पोत्यावर पसरून त्यांना वारा दिला. महादूआबानं पळसाची पानं आणली. ती पुसून करंडीच्या तळाला लावली, कडा मात्र मोकळ्या ठेवल्या. करंडी अर्धीच भरायची, मध्ये पानांचा थर, आणि वर फडक्याऐवजी सुंभाची विरळ जाळी.

धोंडाबाई एकेक फळ निवडत होती. तिचे हात मनगटापर्यंत जांभळे झाले होते. फुटलेल्या फळांचा ढीग वाढत गेला तसा महादूआबा हलक्या आवाजात म्हणाला, "आता ऱ्हाऊ दे, पोरी." तिनं ऐकलं नाही.

गाडी लागली. करंड्या गळत नव्हत्या. मी गार्डला सांगितलं, "सगळ्या दाराशी ठेवा. वर काही चढवू नका."

"दाराशी जागा कुठाय?" तो म्हणाला. काही करंड्या दाराशी राहिल्या, बाकीच्या खोक्यांच्या मागे गेल्या. मला आणखी काही करता येण्यासारखं नव्हतं.

परतीच्या गाडीवर तोच गार्ड होता. त्यानं सांगितलं, लष्करी स्पेशल गाड्या पुढं सोडायच्या म्हणून घाटाखाली त्यांची गाडी बाजूला काढली होती. भर उन्हात, लोखंडी डबा. दाराशी वारा लागलेल्या करंड्या टिकल्या, मुंबईच्या व्यापाऱ्यानं त्या उचलल्या. मागच्या करंड्यांत नुसता चिखल झाला होता. तो फेकून दिला.

तेरावं झाल्यावर धोंडाबाई रिकाम्या करंड्या न्यायला आली.

"पोचलं का?" तिनं विचारलं.

"थोडं पोचलं, बाई. बाकीचं फेकावं लागलं."

"कुटं फेकलं?"

"ते मला माहीत नाही."

तिनं एक करंडी पालथी करून पाहिली. मग म्हणाली, "जे पोचलं, ते कुनी खाल्लं तरी का?"

"व्यापाऱ्यानं घेतलं, म्हणजे विकलंच असणार. खाल्लं असेल."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. करंड्या एकात एक घालून तिनं डोक्यावर घेतल्या आणि गेली. त्या घरचा माल पुन्हा कधी स्टेशनवर आला नाही. जांभळीवर चढणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

मी डब्याला जाळीच्या खिडक्या मागितल्या. वरून उत्तर आलं, लढाई संपल्यावर बघू. लढाई संपली. कुणी बघितलं नाही.

पुढं बागवाले मला पॅकिंगचं विचारायला यायचे. कोणती पानं, कसली करंडी, सुंभ की सुतळी. मी म्हणायचो, ते सगळं नंतर. माल डब्यात कुठं ठेवणार आणि गाडी किती वेळ अडकणार, हे आधी विचारून या. उत्तर कुणालाच मिळायचं नाही. मग मी सांगायचो, करंडी अर्धीच भरा.